अक्कांच्या विहिरीची कप्पी

मित्रांनो, श्रावणातल्या त्या सोमवारी सुनंदाबाईंचा उजवा हात अखेर डोक्याच्या वर गेला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते सांगितलेलं नाही. सुनंदाबाईंचा हात अजून खांद्याच्या खालीच अडकलेला आहे, त्यांना स्वतःचा अंबाडा घालता येत नाही, आणि पुढे काय होणार हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. चेहरे तसे ठेवा म्हणजे झालं.

मी एक जुनी कप्पी आहे. विहिरीवर टांगलेली असते, जिच्यावरून दोर जातो आणि जी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी कुरकुरते, ती. एरंडोलजवळच्या एका गावात लीलाधरभाऊंच्या घरी मी राहते. चिंधा मिस्तरीने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. ती बाभूळ आधी कुठे उभी होती हे त्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. तिन्हीसांजेला लोक तिच्याखालून जात नसत, एवढं मला आठवतं. त्यामुळे पुढे माझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. आमचं घराणंच तसं.

विहिरीवरची माझी सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. लीलाधरभाऊंची आई पाणी ओढायची. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का दोन्ही हातांनी असा दोर ओढायची की कळशी वर येताना तिच्यातलं पाणीसुद्धा हलत नसे. आलेगेले म्हणायचे, काय कप्पी आहे. मला वाटायचं, हे माझंच कौतुक. ते अक्काच्या खांद्यांचं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

मग एका हिवाळ्यात माझी चाल बदलली. तोवर मी सलग फिरत असे. आता अक्का डाव्या हाताने एक झोका ओढायची, दोर पायाखाली दाबून धरायची, हात पुढे न्यायची आणि पुन्हा ओढायची. च्यां, थांब. च्यां, थांब. उजवा हात तिच्या अंगाला नुसता टेकलेला असायचा, पाहुण्यासारखा. कोणी विचारलं नाही. पाणी तर वेळेवर येत होतं.

आता तुम्हाला कानबाई सांगितली पाहिजे. खानदेशातल्या मुलांनी हा भाग सोडला तरी चालेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, लुगडं नेसवतात आणि चौरंगावर बसवतात. ती कानबाई. तिच्यासाठी रोट करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी घरातली मोठी बाई तिला चौरंगासकट डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायला जाते. त्याला दोन्ही हात वर लागतात. देवी एका हाताने धरत नाहीत.

त्या वर्षी शनिवारी विहिरीवर बायकांची गर्दी होती. अक्काने दोर पायाखाली दाबला आणि कोणालाही न बघता म्हणाली, "हात दुखस मना."

माझा हात दुखतो, तेवढंच. त्यावर कोणीतरी म्हणालं, "कानबाई उनी का अक्काना हात दुखस." म्हणजे कानबाई आली की अक्काचा हात दुखतो. सगळ्या हसल्या. कोणी दुष्ट नव्हतं, शेंगा खाताना हसतात तितकंच हसल्या. घरात नवीन आलेली सून पदर तोंडाला लावून हसली. ती सून म्हणजे सुनंदाबाई. अक्काचा मुलगा, म्हणजे लीलाधरभाऊ, दहा पावलांवर बैल धूत होते. त्यांनी ऐकलं आणि बैलाची दुसरी बाजू धुवायला घेतली.

सोमवारी कानबाई सुनंदाबाईंनी उचलली. अक्का मागून निरांजन घेऊन चालली, डाव्या हातात. त्यानंतर तिने कानबाई कधीच उचलली नाही, आणि हाताबद्दलही ती कधी बोलली नाही.

अक्का गेली. बोअर झाला. विहीर दगडमातीने बुजवली आणि मला गोठ्याच्या माळ्यावर मोडक्या पाभरीशेजारी टाकलं. इथपर्यंत ही कोणत्याही कप्पीची गोष्ट आहे. यापुढे नाही.

दोर नव्हता. कळशी नव्हती. विहीरही नव्हती. तरी पहाटे, अक्काच्या पाणी ओढायच्या वेळेला, मी वाजायचे. च्यां, थांब. च्यां, थांब. हे मी करत नव्हते, एवढं आधीच स्पष्ट करते. मलाही त्याची भीती वाटायची, पण कप्पीने घाबरून जायचं तरी कुठे. म्हैस ऐकायची. ती दूध कमी देऊ लागली. लीलाधरभाऊंनी म्हैस विकली आणि मला ठेवलं. या निर्णयामागचा विचार मला आजतागायत कळलेला नाही.

अशी वर्षं गेली. मग एका कापूस वेचणीनंतर सुनंदाबाईंचा उजवा हात अडकला. आधी वरच्या फळीवरचा डबा निघेना, मग पाठीमागची गाठ बांधता येईना, मग झोपेत कूस बदलली तरी जाग येऊ लागली. जळगावला फोटो काढला. हाड शाबूत होतं. साखर मात्र वाढलेली निघाली, तिच्या गोळ्या सुरू झाल्या. हात तसाच.

याच सुमारास त्यांच्या जितेंद्रचं लग्न झालं आणि धुळ्याची डिंपल सून म्हणून आली. ती फिजिओथेरपी शिकलेली. तिने सासूचा हात सगळ्या दिशांना हळूहळू फिरवून पाहिला आणि सांगितलं की खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती आखडली आहे. याला गोठलेला खांदा म्हणतात. साखरेवाल्यांना आणि पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना हा जास्त होतो. सुटतो, पण सावकाश सुटतो. वर एक कप्पी टांगायची, दोराचं एक टोक चांगल्या हातात, एक दुखऱ्या हातात. चांगल्याने खाली ओढायचं, की दुखरा वर जातो. अशी कप्पी दुकानात मिळते.

"दुकानात कशाला?" लीलाधरभाऊ म्हणाले. "घरची शे ना."

तर मला ओट्यावर आणलं. जितेंद्रचा पाळणा जिथे टांगला होता त्याच कडीला टांगलं. ओटा आता स्लॅबचा आहे, खाली टाइल्स आहेत. घरचं कुत्रं रोज तिथेच झोपायचं. त्याने मला पाहिलं, उठलं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं. ते आजही तिथेच आहे.

सुनंदाबाईंनी मला ओळखलं. त्यांनी दोर हातात घेतला नाही. स्वतःच्या उजव्या मनगटाकडे बघून डिंपलला म्हणाल्या, "हाऊ मना हात नही. अक्काना शे."

डिंपलने सासूला विहिरीवरच्या त्या शनिवारची गोष्ट विचारून घेतली. सुनंदाबाईंनी ती थोडक्यात सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, येत्या श्रावणात जाऊबाई माझी कानबाई उचलतील, बायका हसतील आणि ते बरोबरच असेल. आलं तसं फिटलं.

मला वाटलं, आता शिकलेली सून भुतंबितं नसतात म्हणून भाषण देणार. तिने तसं काही केलं नाही. तिने गरम पाण्याची पिशवी सासूच्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाली, "बरं मम्मी, अक्कांचा हात असेल तर अक्कांचा. त्यांना व्यायाम कोणी शिकवलाच नव्हता. बसा."

तिथून माझी दुसरी नोकरी सुरू झाली.

सकाळी आधी शेक. मग खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसायचं. डाव्या हाताने दोर हळू खाली घ्यायचा, उजवा वर जाऊ द्यायचा. जिथे ताण जाणवेल तिथे थांबायचं. ताण हवा, कळ नको. तिथेच थांबून सावकाश श्वास सोडायचा, मनात एक ओवी म्हणून होईल इतका वेळ, आणि मग खाली. मित्रांनो, मी आयुष्यभर वजनं उचलली, पण शरीर असं असतं हे मला त्या ओट्यावर कळलं. स्नायू हे जरा घाबरट जनावर आहे. त्याला हिसका दिला की तो तुटू नये म्हणून उलट आखडतो. त्याच्यापाशी थांबून राहिलं की त्याला कळतं, कोणी मारायला आलेलं नाही. मग तो थोडी जागा देतो. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. लोकांना वाटतं ताण देऊन हात लांब होतो. हात तेवढाच राहतो हो. भीती आखूड होते.

अडचण एकच होती. माझा आवाज. सुनंदाबाई दोर ओढायच्या, थांबायच्या, पुन्हा ओढायच्या. च्यां, थांब. च्यां, थांब. अक्काचीच चाल. शेजारपाजारच्या बायका सडा टाकता टाकता हात थांबवायच्या. लीलाधरभाऊंनी मला तेल घातलं. त्यांनी नेमकी सुनंदाबाईंच्या मालिशच्या तेलाची बाटली उचलली होती, आणि सुनंदाबाईंनी त्याच दिवशी शेल्फवरची दुसरी बाटली खांद्याला चोळली. आठवडाभर मला कापराचा वास येत होता आणि त्यांना ट्रॅक्टरचा. आवाज काही गेला नाही.

होळी झाली. हात खांद्याच्या रेषेला आला होता. डिंपलच्या मते हे उत्तम होतं. लीलाधरभाऊंच्या मते या वेगाने कानबाई पुढच्या जन्मी उचलली गेली असती. त्यांना बायकोची काळजी होती, आणि काळजीत माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. त्यांना विहिरीचं गणित येत होतं. एका टोकाला जड कळशी बांधली की दुसऱ्या टोकाची रिकामी झपकन वर येते. डिंपल कामावर गेल्यावर त्यांनी सुनंदाबाईंचं उजवं मनगट पंच्याने दोराला बांधलं. दुसऱ्या टोकाला कळशी बांधली, पाण्याने काठोकाठ भरलेली. सुनंदाबाई म्हणाल्या, पोरीने असं सांगितलेलं नाही. भाऊ म्हणाले, पोरगी धुळ्याची, तिने विहीर कुठे पाहिली.

आणि कळशी सोडली.

मी फिरले. कप्पीला नाही म्हणता येत नाही, ही आमच्या जातीची सगळ्यात मोठी खोट आहे. हात गचकन वर गेला. सुनंदाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. जाड होता, विहिरीत घुमून आल्यासारखा.

"हात दुखस मना."

कळशी आडवी झाली होती. टाइल्सवरून पाणी वाहत होतं. लीलाधरभाऊ त्या पाण्यातच खाली बसले. हे वाक्य त्यांनी आधी एकदा ऐकलं होतं आणि बैलाची दुसरी बाजू धुवायला घेतली होती. आता ओट्यावर बैल नव्हता. त्यांनी उठून पंचा सोडला, बायकोचा हात दोन्ही हातांत धरून हळू खाली आणला आणि मांडीवर ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी डिंपलने सगळं ऐकलं. सासऱ्यांना ती वाकडं बोलली नाही. फक्त सांगितलं, "पप्पा, हात पाणी नाही. तो ओढून वर येत नाही. तो स्वतः येतो, आपण फक्त वाट बघायची." आखडलेली पिशवी हिसक्याने सैल होत नाही, सुजते, आणि सुजली की आणखी आखडते. झालं तसंच. हात होता त्याच्याही खाली गेला. बरेच दिवस नुसता शेक आणि हलके झोके. मला दोर नव्हता. पहाटे तरी मी वाजायचे.

त्या आवाजाची बातमी आता गावभर झाली होती. कोणीतरी डोंगराकडच्या तोताराम भगताला बोलावलं. त्यांनी मोरपिसं फिरवली, मला हुंगलं, कापूर हुंगला, आणि सांगितलं की हिच्यात बाई आहे, अमावस्येला जाळा. मित्रांनो, जळणाऱ्या वस्तूला आपल्याच ओट्यावर टांगून तिच्यासमोर हे बोलणं बरं दिसत नाही. पण मला कोणी विचारलं नाही.

डिंपलने भगतबाबांना चहा दिला आणि मोरपिसं जरा डोक्यावरून मागे न्यायची विनंती केली. बाबांचा हात कानापाशी अडकला. सगळं आयुष्य त्यांनी एकाच उंचीवर मोरपिसं फिरवली होती, वर कधी गेलेच नव्हते. डिंपलने दोर ओवला आणि त्यांना माझ्याखाली बसवलं. शेक, ताण, थांबणं, श्वास. बाबांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई शे. पन वाईट नही. राहू द्या." तेव्हापासून ते दर बाजारच्या दिवशी येतात. जाळण्याची शिक्षा स्थगित झाली. रद्द झाल्याचं मला अजून कळवलेलं नाही.

उन्हाळाभर सुनंदाबाई रोज माझ्याखाली बसल्या. त्या आता एक गोष्ट करायच्या जी डिंपलने शिकवली नव्हती. हात अडला की कुणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटायच्या, दम घ्या. मग थांबायच्या. लीलाधरभाऊ शेजारी बसून केळीच्या झाडांना आधाराला बांधायच्या पट्ट्या गुंडाळत राहायचे. गुंडाळायला काही नसलं तरी गुंडाळायचे. आषाढात एका सकाळी सुनंदाबाईंनी स्वतःचा अंबाडा घातला. वाकडा झाला. त्यांनी तो दिवसभर सोडला नाही.

श्रावण आला आणि रविवारी कानबाई बसली. चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब लागतात, ते बांधायला कोणीतरी माझा दोर सोडून नेला. मी कडीला नुसती लटकून होते. हे लक्षात ठेवा.

सोमवारी सकाळी खांब सोडले, चौरंग अंगणात आणला. जाऊबाई पदर खोचून तयार उभ्या होत्या, पूर्वी सुनंदाबाई उभ्या होत्या तशाच. त्यांच्यामागे बायका. डिंपल हातात निरांजन घेऊन. सुनंदाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वाकून चौरंग दोन्ही हातांनी धरला. कमरेपर्यंत आला. छातीपर्यंत आला. मग उजवा हात थांबला. डावा वर, उजवा खाली. चौरंग कलला. देवीची नथ एका बाजूला लोंबली. मागे कोणीतरी श्वास घेतला, हसायच्या आधी घेतात तसा.

जाऊबाई एक पाऊल पुढे आल्या. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कोणाकडेच पाहिलं नाही.

"अक्का, दम घ्या," त्या म्हणाल्या. "घाई नही शे."

आणि त्यांनी श्वास सोडला. हात बोटभर वर गेला. थांबला. पुन्हा श्वास. पुन्हा बोटभर.

त्याच वेळी ओट्यावर मी फिरले. च्यां, थांब. च्यां, थांब. माझ्यावर दोर नव्हता, मित्रांनो. वारा नव्हता. माझ्याखाली कोणी नव्हतं, निदान दिसेल असं कोणी नव्हतं. अंगणाच्या टोकाचं कुत्रं उठून उभं राहिलं आणि भुंकलं नाही.

चौरंग चुंबळीवर टेकला. दोन्ही हात वर होते. आता ते पहिलं वाक्य तुम्ही वाचलंत तरी चालेल.

कोणी हसलं नाही. बायकांना वाटलं, अंगात आलं. सुनंदाबाई चालू लागल्या. त्यांच्या मागे, निरांजन डाव्या हातात घेऊन, डिंपल निघाली. सगळ्यात शेवटी लीलाधरभाऊ होते. फाटकाशी ते थांबले, वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात एक नाव घेतलं. वेणू. अक्काचं नाव वेणू होतं. इतकी वर्षं तिने मला ओढलं, आणि तिचं नाव मला त्या दिवशी कळलं.

हात बरा झाला की जे होतं तेच झालं. महिनाभर रोज, मग एक दिवसाआड, मग आठवलं तर. आता माझ्यावर लसणाची जुडी टांगलेली आहे. डिंपल आता नोकरीच्या गावी असते, सुट्टीला आली की रागावते, मग चार दिवस दोर परत येतो. म्हणून मी तुम्हाला सांगते. तुम्ही दिवसभर मान खाली घालून मोबाइल बघता, तुमचे खांदे, पाठ, मांड्यांच्या मागच्या शिरा गुपचूप आखडत असतात. रोज थोडं अंग गरम करून सावकाश ताण द्या. थांबा. हिसका देऊ नका. शरीराला दिलेली मोकळीक ते लवकर विसरतं. आणि घरात कोणी हात दुखतो म्हणालं, तर बैलाची दुसरी बाजू धुवायला घेऊ नका.

पहाटे मी अजून वाजते. आता सुनंदाबाई आतून ऐकतात आणि कधी कधी पडल्या पडल्याच म्हणतात, दम घ्या.

यासाठी मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी (जे कोणी असतील ते)

विषय : कै. वेणूबाई ऊर्फ अक्का यांना रोज सकाळी अर्धा तास मंजूर करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदार कप्पीवर वरील बाईंनी दीर्घकाळ पाणी ओढले असून त्या काळात त्यांच्या उजव्या खांद्याची दखल घेण्यात आलेली नाही. तरी त्यांना पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे त्या शनिवारपासून, गरम पाण्याची एक पिशवी, एक खुर्ची व रोज अर्धा तास मंजूर करण्यात यावा. सदर वेळेत घरातील पाणी अन्य कोणीही भरावे. बुजवलेली विहीर उघडण्याची आवश्यकता नाही. बाई ओट्यावर येतात.

कळावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
कप्पी

सोबत : दोर एक, धुतलेला.